सोमवारी बसणारी बॅटरी: मावशीच्या व्हॅनच्या नोंदी

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४, चिपळूण

पहाटे पावणेसहाला मावशीचा फोन. व्हॅन चालू होत नाही. गेलो तेव्हा डबे भरून ओट्यावर रांगेत ठेवलेले आणि मावशी स्टिअरिंगवर बसून सेल्फ मारत होती. आतून एकच ‘कट्’, पुढे काही नाही. समोरच्या दोन पोरांना हाक मारली, उतारावर धक्का मारला, दुसऱ्या गिअरवर उचलली. डबे वीस मिनिटं उशिरा गेले.

दुपारी बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं गाडीपाशी न येताच सांगितलं, “बॅटरी बसली, नवी टाका.” ही आता तिसरी होईल. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी या व्हॅनच्या सीटपर्यंत आलं होतं. पुढच्या वर्षी एक बॅटरी बदलली. सेल्फ जड फिरतो म्हणून या जूनमध्ये दुसरी घेतली. पाच महिन्यांच्या बॅटरीला कोणी मीटरही न लावता बाद ठरवतं, हे मला मान्य नाही. चार हजार रुपये म्हणजे मावशीच्या किती डब्यांची कमाई, ते मला माहीत आहे.

घरातलं पिवळं मीटर काढलं. बाजारात दोन-अडीचशेला मिळतं तेच. वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर बॅटरीच्या दोन टोकांना लावलं: १२.९. पूर्ण भरलेली, विश्रांती घेतलेली शिशाची बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. मग १२.९ दाखवणारी बॅटरी साधा सेल्फ का फिरवत नाही?

मावशी एक गोष्ट बोलून गेली, ती लिहून ठेवतो. “गणपतीनंतरच हे सुरू झालं रे. आणि सोमवारीच होतं. इतर दिवशी कुरकुरते, पण उचलते.”

मंगळवार, १२ नोव्हेंबर

रात्रभर त्या १२.९ चा विचार होता. सकाळी नवा पेन्सिल सेल आणून त्याच मीटरवर मोजला. नवा अल्कलाइन सेल १.५५ ते १.६० च्या आसपास हवा. मीटर म्हणालं १.८३. मीटरच्या पोटातली नऊ व्होल्टची बॅटरी संपत आली की आतला संदर्भ-व्होल्टेज खाली घसरतो आणि मोजलेलं सगळं फुगून दिसतं. त्या हिशेबानं कालचे १२.९ प्रत्यक्षात ११.१ च्या आसपास होते, म्हणजे बॅटरी जवळपास पूर्ण उतरलेली. स्क्रीनवर कोपऱ्यात बॅटरीचं बारीक चिन्हही होतं. काल घाईत माझं तिकडे लक्ष गेलं नाही. यापुढे गाडीला हात लावण्याआधी मीटर एका माहीत असलेल्या सेलवर तपासायचं, हे ठरवून टाकलं.

मग मीटर उघडलं. जे दिसलं ते बघून पोटात गोळा आला. दहा अँपिअरच्या भोकातून सरळ एक जाड तार कॉमच्या, म्हणजे काळ्या वायरीच्या, भोकाकडे गेलेली, मध्ये फ्यूज नाही. भोकाशेजारी बारीक अक्षरांत इंग्रजीत ‘फ्यूज नाही’ असं छापलेलंही आहे, मी ते कधी वाचलं नव्हतं. दोनशे मिलिअँपिअरच्या बाजूला काचेचा फ्यूज होता, पण तो कधीतरी उडालेला आणि त्याच्याभोवती चांदीचा कागद गुंडाळलेला. कोणी गुंडाळला ते आठवत नाही. हे मीटर घेऊन माझा भाचा घरातला पंखा तपासत असतो. आजच त्या मीटरच्या वायरी कापून ठेवल्या, म्हणजे कोणाच्या हाती पडायला नको.

शनिवार, १६ नोव्हेंबर, पुणे

ऑफिसच्या कामासाठी पुण्याला यायचंच होतं, म्हणून दुपारी तपकीर गल्लीत गेलो. काय हवं ते एसटीतच वहीत लिहून ठेवलं होतं, नाहीतर त्या गल्लीत माणूस दिसेल ते घेतो.

गाडीसाठी मीटर घेताना सगळ्यात आधी करंटचा मार्ग बघायचा, बाकीचं नंतर. दहा अँपिअरच्या आणि मिलिअँपिअरच्या दोन्ही भोकांना फ्यूज हवा. तोही काचेचा नको, वाळू भरलेला सिरॅमिकचा, आणि त्यावर व्होल्टेज छापलेलं हवं. काचेच्या फ्यूजमध्ये तार वितळली तरी आतली वाफ मोठा करंट काही क्षण वाहू देते आणि काच फुटते. वाळू ती ठिणगी गिळून टाकते. पहिल्या दुकानदाराला मागचं झाकण उघडून दाखवायला सांगितलं तर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्यानं न बोलता स्क्रू काढून दिला.

दुसरी गोष्ट म्हणजे कॅटचा आकडा, म्हणजे मीटर कुठल्या वायरिंगवर सुरक्षित आहे ते सांगणारा वर्ग. गाडीत बारा व्होल्ट असतात, तिथे कॅटची गरज काय, असं वाटेल. पण मीटर गाडीपुरतं राहत नाही. आठवडाभरात कोणीतरी ते घरातल्या बोर्डात घालतंच. कॅट २ म्हणजे सॉकेटला जोडलेली उपकरणं, कॅट ३ म्हणजे भिंतीतलं पक्कं वायरिंग आणि डीबी (घरातली एमसीबीची पेटी), कॅट ४ म्हणजे रस्त्यावरून येणारी सर्व्हिस वायर आणि वीजमीटरच्या अलीकडचा भाग. ६०० व्होल्ट लिहिलेलं कॅट २ मीटर ४,००० व्होल्टचा क्षणिक झटका सोसेल इतकं जाड बांधलेलं असतं, तर ६०० व्होल्टचंच कॅट ३ मीटर ६,००० चा. हा झटका वीज कडाडल्यावर किंवा मोठी मोटर बंद झाल्यावर लाइनवर येतो. कोकणात जूनमध्ये राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. प्रोबवरही, म्हणजे मीटरच्या टोकदार वायरींवरही, तोच आकडा हवा. मीटर कॅट ३ आणि वायरी साध्या असतील, तर सगळा सरंजाम साधाच धरायचा.

नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ या दोन्ही कंपन्यांची मीटरं पाहिली. घेतलं ते ६,००० काउंटचं (स्क्रीनवर साधारण ६,००० पर्यंतचा आकडा दाखवणारं), कॅट ३ ६०० व्होल्ट, मिलिव्होल्टची रेंज असलेलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किमान-कमाल पकडून ठेवणारं बटण असलेलं. सेल्फ मारताना व्होल्टेज अर्ध्या सेकंदात खाली जाऊन वर येतं, डोळ्याला ते पकडता येत नाही.

क्लॅम्प मीटरचा मोह झाला होता. वायर न तोडता करंट दिसतो, कोणालाही आवडेल. पण स्वस्त क्लॅम्प बहुतेक फक्त एसी करंट मोजतात, बॅटरीच्या वायरीवर ते शून्यच दाखवणार. डीसीचा क्लॅम्प महाग, आणि गळतीचे वीस-तीस मिलिअँपिअर त्यातल्या साध्या मॉडेलांना नीट दिसत नाहीत. तो पुढे कधीतरी.

मगरीच्या जबड्याचे दोन क्लिप, दोन बारीक टोकांच्या पिना आणि एक २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घेतला. बल्ब कशाला, ते पुढे लिहितो.

रविवार, १७ नोव्हेंबर

बॅटरी रात्रभर चार्जरवर होती. या व्हॅनची बॅटरी सीटखाली पेटीत बसते, त्यामुळे सीट उचलून सगळी दारं उघडी ठेवली होती. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, हवेत चार टक्के झाला तरी ठिणगीनं भडकतो. सकाळी चार्जर आधी भिंतीवर बंद केला, मगच चिमटे काढले. हातातली अंगठी काढून खिशात ठेवली. धनपासून बॉडीपर्यंत अंगठी टेकली तर ती बोटातच लाल होते. मावशी टॉर्च धरायला वाकली होती, हातात काकणं. तिला म्हटलं, “मावशी, तू लांबून प्रकाश दाखव.” भाच्याला चष्मा घालायला लावला.

चार तास विश्रांती दिल्यावर १२.६४. हेडलाइट दोन मिनिटं लावून वरवरचा चार्ज उतरवला, पुन्हा मोजलं, १२.६१. चांगली आहे.

गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे इंजिन उचलणार नाही. मीटर किमान-कमालवर ठेवून पाच सेकंद सेल्फ मारला. किमान १०.६. साडेनऊच्या खाली गेलं असतं तर बॅटरीवर संशय घेतला असता. पण फिरण्याचा आवाज जड होता, भरल्या बॅटरीवर या इंजिनानं असं कण्हायला नको. तसं लिहून ठेवलं.

फ्यूज परत बसवून इंजिन चालू केलं. बॅटरीवर १४.२, हेडलाइट आणि वायपर लावून १३.९. मग मीटर एसी व्होल्टवर नेलं: ०.०४. डायनामोचा एखादा डायोड (आतल्या एसीचं डीसी करणारा भाग) गेला असता तर इथे अर्ध्या व्होल्टाच्या वर आकडा दिसला असता.

म्हणजे बॅटरी चांगली, डायनामो चांगला. उभ्या गाडीत कुठेतरी वीज गळते आहे.

रविवार, २४ नोव्हेंबर

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

गळती मोजायची म्हणजे मीटर बॅटरीच्या मार्गात घालायचं. चावी काढलेली, दारं लावलेली, पुढच्या दाराचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं. लाल प्रोब दहा अँपिअरच्या भोकात. दहाच्या पान्यानं ऋण टोक सैल केलं. नेहमी ऋण आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, कारण पाना बॉडीला लागला तरी ऋणावर काही होत नाही. क्लॅम्प टोकावरून सरकवण्याआधी मीटरचा एक क्लिप बॅटरीच्या टोकाला आणि दुसरा क्लॅम्पला लावून घेतला, म्हणजे जोड क्षणभरही तुटला नाही. तुटला असता तर पुन्हा जोडताना सगळी यंत्रं एकदम जागी झाली असती आणि खोटा आकडा आला असता. या स्थितीत सेल्फ मारायचा नाही, हे भाच्याला दोनदा सांगितलं. सेल्फचे शंभर अँपिअर मीटरमधून जाऊ शकत नाहीत.

अर्धा तास थांबलो. आकडा ०.४३ अँपिअरवर स्थिर. पन्नास मिलिअँपिअरपर्यंत चालतं, हे त्याच्या आठपटीहून जास्त.

लगेच हिशेब केला. ही बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. मावशी शनिवारी दुपारी बाराला गाडी लावते ती सोमवारी पहाटे साडेपाचला काढते, साडेएकेचाळीस तास. गुणिले ०.४३, जवळपास १८ अँपिअर-अवर. अर्धी बॅटरी एका सुट्टीत रिकामी. बाकीच्या दिवशी एका रात्रीचं नुकसान दुसऱ्या दिवशीच्या फेरीत थोडंफार भरून निघतं, म्हणून नुसती कुरकुर. मावशीनं सोमवारचं जे सांगितलं होतं ते तंतोतंत उतरलं.

क्लॅम्प परत आवळला, क्लिप काढले, मी हात पुसायला आत गेलो. तेवढ्यात बाहेर ‘फट्’ असा आवाज आणि भाच्याची “मामा!” अशी हाक. त्यानं बॅटरी किती उतरली ते बघायला गोल बटण डीसी व्होल्टवर फिरवलं, पण लाल प्रोब दहा अँपिअरच्या भोकातच होता. प्रोब बॅटरीच्या दोन टोकांना लावले. बटण कुठेही असलं तरी त्या भोकातून कॉमपर्यंतचा रस्ता जवळजवळ शून्य ओहमचा असतो, म्हणजे त्यानं बॅटरी पान्यानं जोडावी तशी जोडली. लाल प्रोबच्या टोकावर काळा डाग आणि धातूचा मोहरीएवढा मणी आला. फ्यूज उडाला, आणि तिथेच सगळं थांबलं.

तो पांढराफटक पडला होता. हात बघितले, काही नाही. डोळ्यांवर चष्मा होता. त्याला रागावलो नाही. चूक माझी होती, मोजमाप संपल्यावर प्रोब परत जागेवर नेणं माझं काम होतं. तेच पिवळं मीटर असतं तर फ्यूज नाही, वायरीचं प्लॅस्टिक त्याच्या मुठीत पेटलं असतं. रात्री हे लिहिताना अजून छातीत धडधडतंय.

तेव्हापासूनचा नियम: करंट मोजून झाला की हातातलं दुसरं काहीही करण्याआधी लाल प्रोब व्होल्टच्या भोकात. आणि दहा अँपिअरच्या भोकावर लाल चिकटपट्टी. ती सोलल्याशिवाय प्रोब आत जाणार नाही, सोलताना माणूस विचार करेल. चिकटपट्टी भाच्यानंच लावली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

करंटची रेंज बंद, पण व्होल्टची चालू आहे. मग फ्यूज न काढताच गळती शोधायचा दुसरा मार्ग धरला. चपट्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. फ्यूजमधून करंट वाहत असेल तर त्या दोन ठिपक्यांमध्ये काही मिलिव्होल्ट पडतात. दहा अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम. मीटर मिलिव्होल्टवर, बारीक पिना ठिपक्यांवर. एकेक करत गेलो: शून्य, शून्य, ०.१, शून्य. आतल्या दिव्यांच्या फ्यूजवर ३.१. भागिले साडेसात म्हणजे ०.४१ अँपिअर.

एकूण गळतीतून हे वजा केले तर उरतात ०.०२, रेडिओच्या आठवणीपुरते. सगळी चोरी या एका फ्यूजच्या पलीकडे.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

मीटरचा फ्यूज कुरिअरनं आला. दहा अँपिअर, ६०० व्होल्ट, सिरॅमिक. अडीचशे रुपये. गावातल्या दुकानात तेवढ्याच मापाचा काचेचा पंधरा रुपयांना मिळत होता. घेतला नाही. दोन जास्तीचे मागवून मीटरच्या पिशवीत ठेवले.

रविवार, १ डिसेंबर

०.४१ गुणिले साडेबारा, पाच वॅट. भाच्यानं हा गुणाकार केला आणि म्हणाला, “मामा, हा तर बल्ब आहे.” गाडीतले पाच वॅटचे दिवे मोजले. पुढचा छतावरचा बंद. नंबरप्लेटचे बंद, आणि ते या फ्यूजवर नाहीतही.

मागे छतावर अजून एक दिवा असतो, हे आम्ही दोघं विसरलो होतो, कारण तो दिसत नाही. गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी आल्या तेव्हा मावशीनं मागे प्लायवूडची मांडणी ठोकून घेतली होती. वरची फळी थेट छताला भिडवलेली. फळीचे चार स्क्रू काढले. खाली ओढताच आतून पिवळा प्रकाश पडला. फळीच्या कडेनं दिव्याचं सरकतं बटण ‘चालू’वर ढकलून ठेवलेलं. दिव्याचं प्लॅस्टिक उष्णतेनं चहाच्या रंगाचं झालं होतं आणि फळीवर त्या आकाराचा तपकिरी डाग. लांबट बल्ब बाहेर काढला, दोन्ही टोकांच्या टोप्यांजवळ काच आतून काळीशार. तीन महिने तो फळीमागे अंधारात जळत होता. अजून काही दिवसांत प्लायनं धुमसायला सुरुवात केली असती, याची मला बॅटरीपेक्षा जास्त भीती वाटली.

बल्ब काढून टाकला, फळी दोन बोटं खाली घेतली. गळती पुन्हा मोजली, या वेळी चिकटपट्टी सोलून: ०.०२. चिकटपट्टी परत.

मावशीला फळी दाखवली. ती बराच वेळ त्या डागावरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, “याच फळीखाली मी रोज डबे ठेवत होते.”

सोमवार, २ डिसेंबर

पहाटे उचलली. पण सेल्फ अजूनही जड. १७ तारखेला लिहिलेलं ते कण्हणं तसंच आहे. दुसरा दोष बाकी आहे, आणि तो गणपतीपूर्वीचा. जूनमध्ये बॅटरी बदलली ती याच्यासाठीच होती.

रविवार, ८ डिसेंबर

सकाळी ओळखीचे गॅरेजवाले काका येऊन बसले. अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक ते बॉडी-इंजिन या जोडाचा, संशय मी बोलून दाखवला तर म्हणाले, “ते मी मागेच बघितलंय. बीप वाजतो.” त्यांचं बरोबर होतं. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनापर्यंत कंटिन्युइटी (जोड सलग असला की बीप देणारी रेंज) लावली, बीप वाजला. पण बहुतेक मीटरांचा बीप तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. ओहमच्या रेंजवर ०.३ आले, त्यातले ०.२ नुसत्या प्रोबच्या वायरींचे. उरलेल्या ०.१ वर विश्वास ठेवावा इतकं हे मीटर त्या टोकाला बारीक नाही.

गणित असं आहे. या आकाराच्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो. रस्त्यात ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी तिथे एक व्होल्ट खाल्ला जातो. शंभरावा भाग साध्या मीटरला ओहममध्ये दिसत नाही. पण तोच एक व्होल्ट व्होल्टमध्ये लख्ख दिसतो, अट एवढीच की मोजताना करंट वाहत असला पाहिजे.

म्हणून पंपाचा फ्यूज काढला, मीटर डीसी व्होल्टवर, किमान-कमाल चालू. काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाच्या शिशावर, क्लॅम्पवर नव्हे. लाल प्रोब सेल्फच्या बॉडीवर. भाच्यानं सेल्फ मारला: १.३७ व्होल्ट. इथे ०.२ च्या आसपास हवेत. धन बाजूला ०.३. म्हणजे बॅटरीवर १०.६ असताना सेल्फला नऊच्याही खाली मिळत होते.

मग तुकडे पाडले. ऋण टोक ते गाडीची बॉडी: १.२५. बॉडी ते इंजिन: ०.१२. काका वाकून आकडे बघत होते, पहिला आकडा आला तसे उठले आणि स्वतःच पाना घेतला.

ऋणाची वायर जिथे बॉडीला बोल्टनं आवळली आहे ती जागा सीटच्या पेटीखाली, हात वाकडा करूनच पोहोचते. बोल्ट तीन ठिकाणी चिरचिरत निघाला. वायरीच्या टोकाचं थिंबल (धातूची कडी) उचललं तर त्याच्याखाली वाळलेल्या गाळाचा पापुद्रा, लालसर, नखानं निघेल असा. त्याच्याखाली गंज. तीन वर्षांपूर्वीचं वाशिष्ठीचं पाणी तिथे बसून होतं. धातू धातूला फक्त बोल्टच्या आट्यांतून टेकत होता, तेवढ्यावर दिवे लागतात, हॉर्न वाजतो, बीपही वाजतो, फक्त सेल्फ मागतो तेवढा करंट त्या आट्यांतून जात नाही.

पॉलिश पेपरनं दोन्ही पृष्ठभाग चकाकेपर्यंत घासले, नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर टाकला, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी नाही, आवळल्यावर. पुन्हा मोजलं: पूर्ण ऋण बाजू ०.१६. आणि सेल्फ! पहिल्याच झटक्याला इंजिन असं गरकन फिरलं की काका मोठ्यानं “आई शप्पथ” म्हणाले.

जाताना त्यांनी मीटर हातात घेऊन ती लाल चिकटपट्टी कशाला, ते विचारलं. भाच्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता.

बुधवार, ११ डिसेंबर

मागचा उजवा दिवा मंद लागतो. होल्डरमधून बल्ब काढून मोजलं तर १२.४. बल्ब लावून मोजलं तर ५. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून एका केसाएवढ्या तारेवर टिकलेली वायरही त्याला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. तो २१ वॅटचा बल्ब यासाठी आणला होता. त्याचा भार लावला की वायरीत खरंच दम आहे का ते कळतं. मात्र हा बल्ब फक्त दिवे, हॉर्न, पंखा अशा ठिकाणीच लावायचा. कंप्युटरच्या किंवा सेन्सरच्या वायरीला लावला तर तिथला नाजूक भाग जळतो. आणि पिवळ्या कनेक्टरच्या एअरबॅगच्या वायरींना बल्बही नाही, ओहममीटरही नाही, हातच लावायचा नाही. मीटर ओहम मोजताना स्वतःचा करंट पाठवतं, आणि एअरबॅगच्या काडतुसाला उडायला फार करंट लागत नाही. या व्हॅनला एअरबॅग नाही, पण भाचा पुढे इतर गाड्या उघडणार आहे.

वायर टेल लॅम्पच्या मागे पीळ देऊन टेप लावलेली होती. टेप काढल्यावर आत हिरवी भुकटी. चांगलं तांबं लागेपर्यंत कापून जोडली, सोल्डरचा डाग दिला, स्लीव्ह चढवली. बल्बसकट १२.१.

गॅरेजवाले काका संध्याकाळी पुन्हा आले. त्यांच्याकडे एक हायब्रिड गाडी येऊन उभी आहे, माझं मीटर मागत होते. नाही म्हटलं. मीटर देण्याची ना नाही, पण अशा गाडीतल्या नारिंगी वायरींच्या मागे शेकडो व्होल्ट डीसी असतात. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, डीसीची ठिणगी पेटली की विझायला वाट मिळत नाही. त्याला हजार व्होल्टचे रबरी हातमोजे, वेगळं मीटर आणि ते बंद करण्याची पद्धत शिकलेला माणूस लागतो. काका थोडे नाराज झाले. तरी त्यांनी ती गाडी प्रशिक्षण घेतलेल्या वर्कशॉपकडे पाठवली, हे बरं झालं.

सोमवार, १६ डिसेंबर

पहाटे सव्वापाचला भाचा माझ्याआधी मावशीच्या अंगणात. आधी मीटर पेन्सिल सेलवर लावलं, १.५७. लाल प्रोब व्होल्टच्या भोकात आहे हे मला दाखवलं. मग बॅटरी: १२.५८. सेल्फ मारताना किमान १०.४. आकडा गेल्या महिन्यापेक्षा जरा कमी का, म्हणून त्यानं विचारलं. सेल्फला आता पूर्ण करंट मिळतो, तो बॅटरीकडून जास्त मागतो, म्हणून. त्यानं वहीत लिहून घेतलं.

मावशीनं चावी फिरवली, लगेच उचलली. डबे मांडणीत लागले, पाच पन्नासला गाडी गल्लीबाहेर पडली.

बाकी काम: डाव्या टेल लॅम्पची वायर तशीच पीळ दिलेली आहे. बॉडी ते इंजिन पट्टी ०.१२ वर आहे, ती मेच्या शेवटी, पावसाआधी काढून घासायची.